ट्रेलरवर गाडी ओढायला कोणती गाडी घ्यावी? (डेन्व्हर, घरात चौघं, जुनी मियाटा)

चारचाकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डेन्व्हरला लागून ऑरोरामध्ये राहतो. १९९४ची माझदा मियाटा आहे माझ्याकडे. गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी ती ट्रॅकवर पळवतो, बहुतेक वेळा बायर्सच्या पुढे हाय प्लेन्स रेसवेला. घरापासून तासाभरावर आहे. आतापर्यंत मियाटा चालवतच नेत होतो. पण ती दोन सीटची. बायको आणि दोन मुली (वय ११ आणि ८) यांना यायचं असतं, मग दुसरी गाडी काढावी लागते. शिवाय ट्रॅकचे टायर वेगळे. ते, जॅक, हत्यारांची पेटी, पेट्रोलचे कॅन हे सगळं मियाटाच्या डिकीत मावत नाही. पुढच्या उन्हाळ्यात सॉल्ट लेक सिटीच्या पलीकडे युटा मोटरस्पोर्ट्स कॅम्पसलाही जायचं मनात आहे. म्हणून ट्रेलर घ्यायचं पक्कं केलंय.

हिशेब असा: मियाटा २,३०० पाउंड. १८ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा उघडा पोलादी ट्रेलर साधारण २,०००. टायर-हत्यारं ४००. म्हणजे ४,७००, किलोत सांगायचं तर २,१३०. आत्ता घरात जी क्रॉसओव्हर आहे तिची ओढण्याची मर्यादा ३,५०० पाउंड, तेव्हा ती बाद.

बजेट वीस-बावीस हजार डॉलर, त्यात ट्रेलर नाही. जुनीच घेणार. डोळ्यासमोर टोयोटा फोररनर, लेक्सस जीएक्स ४६०, शेवी टाहो, फोर्ड एफ-१५० आणि टोयोटा सिक्वोया आहेत. रोज ऑफिसला हीच नेणार, त्यामुळे रस्त्यात दगा न देणारी हवी. ज्यांनी स्वतः ओढलंय त्यांनी सांगा.

---

घाटमाथा

फोररनर घ्या आणि मोकळे व्हा. २०१० ते २०२४ एकच पिढी, तोच ४ लिटरचा व्ही-सिक्स, तोच पाच गिअरचा ऑटोमॅटिक. इतकी वर्षं न बदलता चाललेली गाडी दुसरी दाखवा. मर्यादा ५,००० पाउंड, तुमचं ओझं ४,७००. बसतंय.

---

मेकॅनिकल_ताई

घाटमाथा, फोररनरच्या टिकाऊपणाबद्दल वाद नाहीच. पण "५,००० मध्ये ४,७०० बसतंय" हा हिशेब अर्धाच आहे, आणि लोक इथेच फसतात.

चारचाकी, माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये. हा पेलोड. तो मॉडेलचा नसतो, त्या एका गाडीचा असतो. सनरूफ, तिसऱ्या रांगेची सीट, मोठी चाकं असं जे जे कारखान्यातून बसून आलं, त्याचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोनशे-तीनशे पाउंडांचा फरक सहज निघतो.

आता यात ट्रेलर कुठून आला? ट्रेलरची दांडी हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांधा) टेकते, ते वजन तुमच्या गाडीच्या पाठीवर येतं. इथल्या पद्धतीत ते एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. ४,७०० चे १२ टक्के म्हणजे ५६०. त्यात तुम्ही चौघं (५०० धरा), डबे, बॅगा, पाणी (१००), आणि हिचचं लोखंड. साडेअकराशेच्या वर गेलातच. दारावर १,१०० लिहिलेलं असेल, तर ट्रेलर मर्यादेत असूनही गाडी मर्यादेबाहेर. मागचे टायर, मागचा अ‍ॅक्सल, स्प्रिंगा सगळ्यांवर ताण, आणि पुढची चाकं हलकी. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही बोथट होतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पेलोड, मग ब्रेक आणि कूलिंग, मग गाडीचा इतिहास. इंजिन किती ओढतं हे त्यानंतर. ओढायला सगळ्याच ओढतात हो. आवरणं अवघड असतं.

ओढण्याच्या आकड्याबद्दल एक. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने तो ठरवायची. मग एसएई जे२८०७ नावाची एकच चाचणी आली. डेव्हिस डॅम ग्रेड म्हणून अ‍ॅरिझोनातला एक चढ आहे, तिथे एसी चालू ठेवून ठरावीक वेगाच्या खाली न येता ट्रेलर न्यायचा, वगैरे. टोयोटाने ती सगळ्यांच्या आधी, २०११ च्या मॉडेलपासून लावली. बाकीचे बरेच नंतर आले. त्यामुळे जुन्या गाड्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका.

---

सातारी

ताई, दांडीचं जे सांगितलंत ते आमच्या आजोबांना शाळेत न जाता माहीत होतं.

आमच्याकडे ऊस कारखान्यावर बैलगाडीने जायचा. गाडी भरताना आजोबा खाली उभे राहून नुसतं जू हातात धरायचे. मागे जास्त ऊस पडला की जू वर उचलायला लागतं, बैलांच्या मानेला पट्ट्याचा फास बसतो. त्याला म्हणायचे गाडी उलाळ झाली. पुढे जास्त झालं की बैल मान खाली घालून चालतात, त्यांच्या खांद्यांना सूज येते. दोन मोळ्या इकडच्या तिकडे करून ते जू असं आणायचे की हाताला वजन तर लागेल, पण उचलता येईल. मगच बैल जुंपायचे.

ट्रेलरवर मियाटा पुढे-मागे सरकवणं म्हणजे तेच. इंजिन पुढे असलेली गाडी तोंड पुढे करून चढवली की वजन दांडीकडे जातं. चार इंच पुढे-मागे केलं तरी फरक पडतो. एकदा जागा जमली की ट्रेलरच्या फळीवर पुढच्या चाकांच्या ठिकाणी लोखंडी अडण बोल्टाने बसवून टाका. दर वेळी अंदाज करत बसायला नको.

---

वायोमिंग_वारा

सातारी यांनी "उलाळ" म्हटलं आणि अंगावर काटा आला. स्वतःवर गेलेलं सांगतो, कारण कुणाला तरी उपयोग होईल.

तीन वर्षांपूर्वी आय-८० वरून लॅरॅमीकडून रॉलिन्सकडे चाललो होतो. एल्क माउंटनच्या टापूत कायम आडवा वारा असतो. ट्रेलरवर जुनी हॅचबॅक होती. ती चढवताना पुढे विंचवर टायरांचा ढीग ठेवलेला होता, म्हणून गाडी एक-दीड फूट मागेच बांधली. घाईत होतो. दांडी हाताने उचलून बघितली तर सहज उचलली गेली, आणि मला वाटलं, बरंय, हलकं आहे.

उताराला ७० चा वेग. शेजारून मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेने ट्रेलरची शेपटी डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग जास्त डावीकडे. आरशात आधी ट्रेलरचा एक कोपरा दिसत होता, मग आख्खी बाजू दिसायला लागली. माझी गाडी मागून कुणीतरी कंबर धरून हलवावी तशी हलत होती. पाय ब्रेककडे गेला होता. शेजारी बसलेल्या मित्राने (तो बोटी ओढतो) ओरडून सांगितलं, "ब्रेक नको, हातातला दाब!" ब्रेक कंट्रोलरला एक छोटा खटका असतो, तो दाबला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरलं, खटका दाबला. ट्रेलरने मागून ताण दिला आणि रबर ओढल्यासारखी सगळी रांग सरळ झाली. सगळं मिळून सात-आठ सेकंद.

पुढच्या एक्झिटला उतरलो आणि अर्धा तास नुसते उभे होतो.

तेव्हा चारचाकी, कंट्रोलर चांगला घ्या. गाडी जितक्या जोरात थांबतेय त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देणारा, म्हणजे प्रपोर्शनल. नुसता ठरावीक वेळाने ब्रेक वाढवत नेणारा स्वस्तातला नको. आणि त्याचा खटका तुमच्या हाताला न बघता सापडेल अशा ठिकाणी बसवा. माझा गुडघ्यापाशी होता, शोधावा लागला.

---

चारचाकी

वायोमिंग_वारा, मनापासून आभार. हे वाचून दाखवलं घरी. थोरली म्हणाली, "बाबा, मी खटक्याची आठवण करीन."

शनिवारी चार ठिकाणी जाऊन फक्त दारं उघडून आलो. विक्रेत्यांना आश्चर्य वाटत होतं की हा माणूस आत बसतही नाही. ताईंचं तंतोतंत खरं. एकाच वर्षाच्या दोन एफ-१५० शेजारीशेजारी उभ्या होत्या, एकीवर १,४६०, दुसरीवर १,८१०. जीएक्स घरी सगळ्यांना आवडली (४.६ चा व्ही-एट, ६,५०० ची मर्यादा, टायमिंग बेल्ट नाही, चेन), पण जी पाहिली तिच्या दारावर साडेअकराशेच्या आतच आकडा होता. चौघं, सामान आणि दांडी यात तो संपतोच.

---

नॉर्थॅम्प्टनकर

इंग्लंडहून लिहितोय. सिल्व्हरस्टोन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या गल्लीत दर चार घरांमागे एक ट्रेलर आहे.

अमेरिकेतल्या मित्रांना कायम पडणारा प्रश्न: युरोपात स्कोडा ऑक्टेव्हियासारख्या गाड्या दीड टन ओढतात, मग अमेरिकेत तसल्याच फोक्सवॅगन गोल्फला कंपनी ओढूच नका का म्हणते? गाडी कमी दमाची नाही. पद्धत वेगळी आहे. इथे ट्रेलर लावला की मोटरवेवरही ६० मैलांच्या वर जाता येत नाही, मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०. तीन लेन असतील तर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. वेग कमी, म्हणून दांडीवर वजनही कमी चालतं, बऱ्याच गाड्यांना ७५ ते १०० किलोच. तुमच्याकडे ७०-७५ ने जाणारे लोक, म्हणून दांडीवर जास्त वजन मागतात, आणि तेवढं छोट्या गाडीच्या पाठीला झेपत नाही. म्हणून एका देशातला आकडा दुसऱ्या देशात नेऊन वापरू नये.

इथल्या मराठी मंडळींसाठी: १ जानेवारी १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना पूर्वी मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती गेली, साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर चालतो. परीक्षा गेली तरी शिकवणी घ्या. ट्रेलर उलटा घेणं हे अंगात मुरायला दोन शनिवार लागतात.

---

घाटमाथा

मी माझा पहिला सल्ला मागे घेत नाही, पण थोडा मवाळ करतो. :) दोन माणसं आणि अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर असता तर फोररनर पुरली असती. (अ‍ॅल्युमिनियमचा त्याच मापाचा ट्रेलर चार-पाचशे पाउंडांनी हलका पडतो, किंमत मात्र बरीच जास्त.)

एक प्रश्न: इलेक्ट्रिक पिकअप कुणी वापरलाय का? चढाला जोर भरपूर, उतरताना बॅटरीच ब्रेकचं काम करणार. ऐकायला उत्तम वाटतं.

---

वायोमिंग_वारा

शेजाऱ्याकडे आहे. चढ-उताराला खरंच सुंदर चालतो, आवाज नाही, गिअर बदलणं नाही. पण ट्रेलर लावला की पल्ला निम्म्यावर येतो. आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा अशा की तोंड आत घालून उभं राहायचं. मागे ट्रेलर असेल तर तो सोडायचा, चार्ज करायचं, पुन्हा जोडायचा. हाय प्लेन्सपुरतं छान. युटाला मी तरी नेणार नाही.

---

मेकॅनिकल_ताई

चारचाकी, तुमच्या बाबतीत एक गोष्ट सपाट राज्यांतल्या लोकांना लागू नाही, ती म्हणजे उंची. युटाला आय-७० ने गेलात तर आयझेनहॉवर बोगदा लागणार, ११,१०० फुटांच्याही वर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. बोगद्यापाशी एक तृतीयांश गेलेली असते. फोररनरचे २७० अश्वशक्ती तिथे १८० उरतात, सिक्वोयाच्या ५.७ व्ही-एटचे ३८१ तिथे २५५. टर्बोवालं इंजिन, उदाहरणार्थ फोर्डचं ३.५ इकोबूस्ट, ही घट बरीचशी भरून काढतं.

लागतात किती? काल रात्री कागदावर मांडलं. गाडी, माणसं, ट्रेलर, मियाटा मिळून ५,१०० किलो धरले. ७ टक्क्यांचा चढ, वेग ४५ मैल, म्हणजे सेकंदाला २० मीटर. चढासाठी ३,५०० न्यूटन, हवा आणि टायर यांचे ढोबळ १,५००. एकूण ५,००० न्यूटन गुणिले २०, म्हणजे १०० किलोवॅट. चाकांपाशी १३५ अश्वशक्ती. गिअरबॉक्समधली गळती धरली तर इंजिनाकडून १६० च्या आसपास. फोररनर हलकी असल्याने तिला थोडे कमी लागतील, पण तिच्याकडे असतात १८०. चढेल ती. फक्त तो आख्खा चढ इंजिन ओरडत चढेल, आणि गिअरबॉक्सचं तेल तापेल. वर्षातून एकदा ठीक. दर महिन्याला नको.

खरी गंमत उतरताना. बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे २,१०० फूट खाली उतरायचं आहे. एवढ्या वजनाची तेवढ्या उंचीची ऊर्जा ३२ मेगाज्यूल होते. तेवढ्या उष्णतेने साध्या नळाचं ९५ लिटर पाणी उकळतं. ही सगळी उष्णता दहा मिनिटांत कुठेतरी जायला हवी. काही हवेत जाते, काही इंजिन घेतं. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर उरलेली सगळी ब्रेकच्या लोखंडात.

---

एसटीची_लेक

ताईंचे ९५ लिटर वाचून बाबांना फोन लावला. ते एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण-कऱ्हाड, कुंभार्ली घाटातून वर्षानुवर्षं. ट्रेलर त्यांनी कधी ओढला नाही, पण भरलेली गाडी उतरवणं त्यांना माहीत.

म्हणाले, "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं. आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, वेग धरल्यावर नाही. ब्रेक सारखा दाबून ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबायचा, खाली आणायचा, सोडायचा. ब्रेकलाही श्वास घेऊ दे."

ऑटोमॅटिक गाडीत हे कसं करायचं ते मी इथे शिकले. टो-हॉल (ओझं ओढताना वापरायचं) बटण दाबलं की गाडी स्वतःच खालचा गिअर धरून ठेवते. तरी मी लिव्हर मॅन्युअलला घेऊन स्वतः तिसरा टाकते, कारण कुठे उतार सुरू होतोय ते मला दिसतं, गाडीला नंतर कळतं. (बाबांनी पुढे विचारलं, "तिकडे घाटात वर येणाऱ्याला वाट देतात का?" चार पदरी आहे म्हटल्यावर त्यांना समाधान वाटलं.)

---

नाशिककर

भारतात हे करता येईल का? माझी रॅलीची जिप्सी न्यायची असते.

---

सातारी

नाशिककर, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याचा आकडाच नसतो. कंपनीने तपासलेलं नसताना हिच वेल्डिंग करून घेणं मला पटत नाही. ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते. रॅलीवाले ट्रक किंवा फ्लॅटबेड करतात, तेच बरं. दोघा-तिघांच्या गाड्या एका ट्रकवर टाकल्या की भाडं वाटून जातं.

---

जर्सीकर

वापरलेली गाडी बघताना मी काय तपासतो ते लिहितो. न्यू जर्सीत दोन घेतल्या, एक फसली.

फसली ती अशी. बाहेरून चकचकीत, ९०,००० मैल, विकणारा म्हणाला कधी काही ओढलं नाही. घेतल्यावर तीन महिन्यांत गिअरबॉक्स घसरायला लागला. मग खाली वाकून नीट बघितलं. हिचच्या चौकोनी नळीचं पिनचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. वर्षानुवर्षं जड ओझं झटके देत ओढल्याशिवाय असं होत नाही. ते मी आधीच बघायला हवं होतं.

तेव्हापासून टॉर्च घेऊनच जातो. आधी ते भोक. मग ट्रेलरच्या दिव्यांची-ब्रेकची वायर जोडायचा सात पिनांचा सॉकेट: आत हिरवट गंज म्हणजे वापर जुना. मग गिअरबॉक्सचं तेल. तेल मोजायची दांडी (डिपस्टिक) असेल तर ती काढून पांढऱ्या कागदावर थेंब पाडा. लालसर आणि बिनवासाचं चांगलं. तपकिरी झालं आणि करपल्यासारखा वास आला की मी चावी परत देतो. बऱ्याच नव्या गाड्यांना ही डिपस्टिकच नसते, मग मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघायला सांगायचं, त्याचे शंभर-दीडशे डॉलर द्यायचे.

२००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा, फ्रंटियर बघत असाल तर रेडिएटर बदललाय का विचारा. त्यात गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की कूलंट तेलात मिसळतं आणि गिअरबॉक्स संपतो. टोयोटाच्या पहिल्या पिढीच्या टंड्रा-सिक्वोया असतील तर चौकट गंजलीय का बघा, आमच्याकडे रस्त्यावरच्या मिठाने ती पोखरली जाते. कोलोरॅडोतली गाडी त्या मानाने कोरडी. फोर्डचं ३.५ इकोबूस्ट २०१७-२० मधलं असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना कान द्या, पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर कॅम फेझर (झडपांची वेळ पुढे-मागे करणारा भाग) गेलाय समजा. दुरुस्ती महाग आहे. शेवीच्या ५.३ मध्ये कमी जोर लागताना निम्मे सिलिंडर बंद होतात, त्याचे लिफ्टर (झडपा उचलणारे भाग) जातात. तेलबदलाच्या पावत्या मागा.

नवी घेणाऱ्यांनीही ब्रँड बघून डोळे मिटू नयेत. २०२२ च्या नव्या टंड्राचं टर्बो इंजिन २०२४ मध्ये लाखभर गाड्यांसाठी परत बोलावलं गेलं, आतमध्ये कारखान्यातला धातूचा कीस राहिला म्हणून. २०२५ मध्ये जनरल मोटर्सचं ६.२ व्ही-एट, जवळपास सहा लाख गाड्या. नाव एकच राहतं, आतलं इंजिन बदलतं. म्हणून नाव बघू नका, पिढी आणि वर्ष बघा.

---

वायोमिंग_वारा

+१. आणि ट्रेलरचे टायर. खाचा शाबूत दिसतात म्हणून चांगले समजू नका. ट्रेलर उन्हात उभा राहून टायर म्हातारे होतात. बाजूवर डॉट लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मी पाच-सहा वर्षांवर ठेवत नाही. बरेच ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात, हेही लक्षात ठेवा.

---

मेकॅनिकल_ताई

ट्रेलर विकत घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन बघा. यू-हॉलचा गाडी नेण्याचा ट्रेलर रिकामाच २,२१० पाउंड आहे, म्हणजे तुमच्याएवढाच. त्याचे ब्रेक दांडी दाबली गेली की आपोआप लागतात, त्यामुळे कंट्रोलर नसला तरी चालतो. ५५ च्या वर नेऊ नका म्हणतात. आणि साध्या भाड्याच्या गाडीला ट्रेलर लावायचा विचार नको. बहुतेक करारांत ते चालतच नाही.

---

चारचाकी (पाच महिन्यांनी)

मंडळी, घेतली. २०१४ ची सिक्वोया, ५.७, चारही चाकांना जोर, १,१२,००० मैल. एकच मालकीण. पावत्यांची आख्खी फाइल दिली तिने, तारखेवार. दारावर १,३१०. जर्सीकर, पिनचं भोक गोल, तेल लाल. पांढरा कागद मी खिशात नेला होता.

एफ-१५० वर पेलोड जास्त मिळत होता, हे खरं. पण जी परवडत होती तिची थंड इंजिनाची खडखड मी दोन सकाळी ऐकली. टाहो चांगली होती, पावत्या नव्हत्या. सिक्वोयाचं पेट्रोल खाणं मोठं आहे, रोज ऑफिसला नेताना गॅलनला १४-१५ मैल. ट्रेलर लावून ९. हे घरी आधीच बोललो होतो.

ट्रेलर १८ फुटी पोलादी, वापरलेला. टायर जुने निघाले (चार आकडे बघितले), चारही बदलले. प्रपोर्शनल कंट्रोलर उजव्या हाताला, रेडिओच्या खाली.

मग सगळं जोडून ट्रक थांब्यावरच्या कॅट स्केलवर (ट्रकांच्या वजनकाट्यावर) गेलो. तीन फरशा असतात: पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. खिडकीतून बटण दाबायचं, आतून बाई विचारते, कागद आत येऊन घ्यायचा. तीनदा वजन केलं.

ट्रेलरशिवाय, चौघं आणि सामान: पुढे ३,३२०, मागे ३,२६०.
ट्रेलर जोडून: पुढे ३,०६०, मागे ४,०८०, ट्रेलर ४,१६०.

म्हणजे दांडीवर बरोबर ५६०. ताईंनी धाग्यात लिहिलेला आकडा कागदावर छापून आलेला बघून मी तिथेच फोटो काढला. पण पुढच्या चाकांवरून २६० पाउंड गेले होते. हायवेवर येताना स्टीअरिंग तरंगल्यासारखं वाटलं ते उगाच नाही. म्हणून वेट डिस्ट्रिब्युशन हिच बसवला, दोन पोलादी पट्ट्या दांडीला खालून ताण देतात आणि वजन पुढे ढकलतात. तिसरं वजन: पुढे ३,२००, मागे ३,८६०, ट्रेलर ४,२४०. स्टीअरिंग पुन्हा जमिनीला लागलं.

सातारी, मियाटाची जागा सापडायला एक दुपार गेली. जू हातात धरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून घरातला वजनकाटा, फळी आणि विटा लावून दांडी तोलली. आता अडण बोल्टाने बसलंय.

हाय प्लेन्सला चार वेळा जाऊन आलो. युटाला जूनमध्ये गेलो, आय-७० नेच. बोगद्याचा चढ ४५-५० ने, उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे. ओबीडीला (गाडीच्या संगणकाचं सॉकेट) छोटा रीडर लावून गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघत होतो, सगळ्यात जास्त २१४ फॅरेनहाइट. उताराला बोगद्यातच लिव्हर मॅन्युअलला घेतली, तिसरा टाकला. ब्रेक चार वेळा दाबला, चारही वेळा नीट दाबून सोडला. सिल्व्हरथॉर्नला पेट्रोल भरताना चाकांजवळ हात नेऊन बघितला. गरम होते, पण वास नाही. एसटीची_लेक, बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

एसटीची_लेक

सांगितला. तिसरा की दुसरा, ते विचारतायत.

---

चारचाकी

तिसरा. वर चढतानाही बराच वेळ तिसराच होता.

---

नॉर्थॅम्प्टनकर

बांधलीत कशी? पट्टे चाकांवरून की चासीला?

---

चारचाकी

चाकांवरून, चार पट्टे, रॅचेटवाले. चासीला बांधलं की स्प्रिंगा दबतात-उठतात आणि पट्टा सैल पडतो. चाक बांधलं की वर गाडी तिची ती हलत राहते, पट्टा तसाच. पहिल्या १०-१५ मैलांवर थांबून एकदा ताणतो, मग दर पेट्रोलला. ते काम धाकटीने घेतलंय. ती चारही पट्ट्यांवर चापट मारते आणि ज्याचा आवाज बद्द येतो तो मला दाखवते.